मिठाची येसू आणि वावटळ घोडी

एक होता डोंगर. राजा येतोय मागून, त्याला जरा थांबू दे. आधी डोंगर, कारण डोंगर झोपेत वळला नसता, तर ही गोष्ट घडलीच नसती.

फार म्हातारा डोंगर होता, बरं का. शंभर वर्षं एका कुशीवर झोपायचा, मग शंभर वर्षं दुसऱ्या. त्याच्या माथ्यावर एक राज्य होतं आणि पायथ्याशी समुद्र. वर ज्वारी पिकायची, खाली मीठ. माथ्यावरच्या माणसांना मीठ हवं असलं, की ते बैलांच्या पाठीवर लादून घाटवाटेनं वर आणावं लागे. ते आणायचा सटवाजी. त्याचे बारा बैल, त्यांचा म्होरक्या हरण्या, आणि हरण्याच्या गळ्यात पितळेची घंटा. घाटात घंटा वाजली की बायका म्हणायच्या, "आला गं सटवाजी. आता आमटीला चव येईल."

सटवाजीला एकच मुलगी, येसू. घरात दोघंच. बाप मीठ आणायचा, लेक बाजारात बसून विकायची. अंगानं एवढीशी, पण एकदा मनात घेतलं की घेतलं. सटवाजीनं तिला सगळा धंदा एका वाक्यात शिकवला होता. "येसे, जे दाखवशील तेच दे, आणि मापावर एक चिमूट वर टाक."

त्याच बाजारात एक गूळवाला यायचा. ढेपेचा वरचा तुकडा चाखायला द्यायचा, सोन्यासारखा पिवळा. घरी नेऊन ढेप फोडली की आत माती. पहिल्या बाजारी त्याचा सगळा गूळ खपला. दुसऱ्या बाजारी त्याच्याकडे फक्त माश्या आल्या. येसूनं हे डोळ्यांनी पाहिलेलं, म्हणून बापाचं वाक्य तिच्या चांगलं लक्षात राहिलं. म्हणजे, बहुतेक वेळा राहिलं. एकदा विसरली, ते पुढे येईलच.

मग काय झालं, एका दुपारी लोक जेवून आडवे झालेले, आणि डोंगराची शंभर वर्षं भरली. त्यानं कूस बदलली.

धडाडधूम!

भांडी पडली, कोंबड्या झाडावर गेल्या, आणि घाटाची वाट मधेच तुटली. माथा राहिला इकडे, पायथा गेला तिकडे, आणि मधे उरला एक सुळका. ताटात भाताची मूद असते ना, तसा एकटा. चहूकडे दरी. इतकी खोल, की दगड टाकला तर पडल्याचा आवाजच यायचा नाही. आणि त्या सुळक्यावर कोण? सटवाजी आणि त्याचे बारा बैल.

येसू कड्यावर धावत गेली. बाप पलीकडे मसुराएवढा दिसत होता. तिनं हाक मारली, ती वाऱ्यानं नेली. त्यानं मारली, तीही नेली. मग बापानं चूल पेटवली. धुराची बारीक रेघ वर आली आणि येसूला कळलं, की तो धडधाकट आहे.

सुळक्यावर बैलांपुरतं गवत होतं, पाण्याचा झरा होता. पण सटवाजीजवळ पीठ होतं फक्त वाटेपुरतं. ताणून वापरलं तर महिना निघाला असता. त्यापुढे काय? मीठ मात्र बारा बैलांचं. पण नुसतं मीठ खाऊन कुणी जगलंय का?

राजाला कळलं. राजा मनानं चांगला, पण भारी उतावळा. आंबा पिकेपर्यंत धीर धरवायचा नाही, कैरीच खायचा आणि मग दात आंबले म्हणून चिडायचा. तो कड्यावर आला. त्यानं दोर फेकायला लावला, दोर दरीत पडला. बाणाला दोरी बांधून बाण सोडला, तो वाऱ्यानं भिरकावून दिला. मग पतंगाला दोरी बांधली, तर पतंगाच्या चिंध्या झाल्या.

राजानं कपाळाला हात लावला. "आता एकच उरलं," तो म्हणाला. "आपली वावटळ."

वावटळ म्हणजे राजाची घोडी. राखेच्या रंगाची, चारी पाय पांढरे. उन्हाळ्यात धूळपाचोळा गरगरवत वावटळ उठते ना, तसल्याच एका वावटळीतून ती बाहेर पडली, असं लोक म्हणायचे. खरं-खोटं ते जाणोत. पण एक गोष्ट सगळ्यांनी पाहिलेली. झाडाचं पानही हलत नसलं, तरी तिची आयाळ सारखी उडत राहायची. कधी म्हणून खाली बसायची नाही. ती धावली तर खुराखालचं गवत वाकायचं नाही. आणि ती भ्यायली, की तिच्याभोवती धुळीचा असा लोट उठायचा, की जवळच्या माणसाला स्वतःचा हात दिसू नये. ही घोडी ती दरी ओलांडेल, यात कुणाला शंका नव्हती. पण तिच्या पाठीवर बसणार कोण? तिनं आजवर माशी बसू दिली नव्हती.

राजानं दवंडी पिटली. "जो वावटळीवर बसेल आणि सुळक्यावर दोर नेईल, त्याची वावटळ!"

मग तिघं आले.

पहिला आला पैलवान. शड्डू ठोकला, कुरणात शिरला आणि घोडीची आयाळच धरली. धुळीचा लोट उठला, खाली बसला. पैलवान बोराटीच्या जाळीत सापडला. तीन दिवस त्याचे काटे काढत होते.

दुसरे आले एक पंडित. त्यांनी कुंपणाबाहेरूनच घोडीच्या अंगावरचे केसांचे भोवरे मोजले. "कपाळावर दोन भोवरे! घोडी अपशकुनी!" तेवढ्यात घोडी फुरफुरली आणि पंडितांची पगडी उडाली. ती शोधायला ते जे गेले, ते आलेच नाहीत.

तिसरा होता पागेदार रायाजी, म्हणजे राजाच्या घोड्यांचा मोठा कारभारी. पांढऱ्या मिशा, कमरेला चाबूक, हातात तोबरा. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची पिशवी, तिच्यात हरभरे घालतात. रायाजीनं तोबरा खुळखुळ वाजवला. वावटळीनं त्याच्याकडे शेपूट केली आणि चरत राहिली.

मग आली येसू. पदराला मिठाची पुरचुंडी.

रायाजी हसला. "काय गं मिठाच्या पोरी, घोडीची आमटी करायची का?"

"नाही काका. माझा बाप आहे तिकडे."

मग रायाजीचं हसू जरा कमी झालं. तरी म्हणाला, "पोरी, या हातांखालून तीनशे घोडी गेली. ही एकच गेली नाही. तुझं काय ऐकणार?"

येसूनं त्याच्या हातातला तोबरा घेतला. हलवला. खुळखुळ. उपडा केला. आतून काय पडलं असेल? हरभरे? छे! नदीतले बारीक खडे.

"हे काय काका?"

"ही युक्ती आहे. मोकळं घोडं खुळखुळ ऐकून येतं. आलं की टाकायचा गळ्यात दोर. मग पुढचे पाय पुढे बांधायचे, मागचे मागे. शिंगरू असताना हिला असंच धरलं होतं."

"आणि मग?"

"मग एके दिवशी दोर तोडले आणि तेव्हापासून ही अशी."

"काका," येसू म्हणाली, "गिऱ्हाईक आणि घोडं, दोघांना एकदाच फसवता येतं."

रायाजीनं मिशीवरून हात फिरवला.

मग येसू कुरणात शिरली. घोडीकडे गेली नाही बरं का! मधोमध एक सपाट दगड होता, त्याच्यावर मीठ ठेवलं, आणि वीस पावलं लांब जाऊन घोडीकडे पाठ करून बसली. तोंड कड्याकडे. तिथून बापाचा धूर दिसायचा. सकाळी न्याहारीचा, दुपारी जेवणाचा, तिन्हीसांजेला भाकरीचा. तीन धूर.

आता तुम्ही म्हणाल, पाठ करून काय बसायचं? तर त्याचं असं आहे. बाजारात एखादं लाजरं गिऱ्हाईक असतं. तीनदा दुकानावरून जातं, तीनदा आत डोकावतं. त्याला "या या, बसा बसा" केलं की ते पळालंच. आपण आपलं काम करत बसावं. मग ते हळूच येऊन विचारतं, हे कसं दिलं? येसूला हे ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी वावटळ कुंपणाच्या कडेलाच राहिली. तिचे कान मागे चिकटलेले. घोड्याचं बोलणं कानात असतं, बरं का. कान मागे, म्हणजे लांब राहा. कान पुढे, म्हणजे कोण गं तू? येसू उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी दगडावरचं मीठ चाटलेलं होतं. तिनं नवं ठेवलं, चिमूटभर जास्त.

असे आठ दिवस. रोज तेवढंच मीठ, वर चिमूट. रोज एक पाऊल जवळ बसायचं. घोडीनं कान मागे केले, की आपण उठून दोन पावलं लांब. कुरणाच्या फाटकाशी राजा यायचा आणि ओरडायचा, "झालं का? बसलीस का? अजून नाही?" रायाजी त्याला म्हणायचा, "महाराज, ओरडू नका." मग रायाजीला स्वतःचंच नवल वाटायचं.

नवव्या दिवशी येसूच्या मानेवर ऊन ऊन वारा आला. फू. फू. ती हलली नाही. तिनं फक्त तळहात उघडून मांडीवर ठेवला, त्यावर मीठ. खरखरीत, ओली जीभ तळहातावरून फिरली. येसूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते पुसलंसुद्धा नाही. हात हलला असता ना!

पुढे पाच दिवसांत तिचा हात घोडीच्या मानेपर्यंत गेला. मग खांद्याच्या उंचवट्यापर्यंत. तिथं खाजवलं की घोडीचा खालचा ओठ लोंबायचा, अगदी आजोबांच्या दुपारच्या झोपेसारखा. आयाळ मात्र उडतच होती.

सगळं नीट चाललेलं. आणि एके दिवशी दुपारचा धूर आला नाही.

येसू बघत राहिली. सकाळचा आला होता. दुपारचा आलाच नाही. मग थेट तिन्हीसांजेला आला. म्हणजे बापानं एक जेवण सोडलं. पीठ संपत आलं.

तिचं डोकं म्हणू लागलं, असं पाऊल पाऊल करून कधी व्हायचं? नुसता एक दोर गळ्यात पडला, की झालं. घोडी आता हातावर खाते. आपलीच तर आहे. आणि दुसऱ्या दिवशी ती गेली ती एका हातात मीठ घेऊन, आणि पदराखाली दोर लपवून.

एकदा विसरली म्हटलं ना, ती हीच वेळ.

घोडी आली. मान खाली घालून मीठ चाटू लागली. येसूनं दुसरा हात हळूच पदराखाली नेला. दोराचं टोक घसरलं आणि पदराबाहेर आलं. एवढंच. सापाच्या शेपटाएवढं.

वावटळीनं ते पाहिलं.

धूळ! धूळच धूळ! येसू कुठं उडाली, कुठं आपटली, तिचं तिलाच कळलं नाही. लोट बसला तेव्हा ती बोराटीच्या जाळीत होती, पैलवानाच्याच. कोपर फुटलेलं, गालावर ओरखडे. घोडी कुरणाच्या पार टोकाला, थरथर कापत, कान मानेला चिकटलेले. पहिल्या दिवशी होते, त्याहून मागे.

रायाजीनं येऊन तिला बाहेर काढलं. तिला वाटलं, आता हा हसणार. पण तो हसला नाही. खाली बसून काटे काढू लागला.

"काका," ती म्हणाली, "मीही खडेच वाजवले."

"हं."

"आता ती यायची नाही?"

"माझ्याकडे नऊ वर्षं आली नाही," रायाजी म्हणाला. "पण मी दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं परत गेलो कुठं होतो? मी चाबूक घेऊन गेलो. तू जा. आहेस तशी जा."

कोपराला हळद बांधून येसू दुसऱ्या दिवशी गेली. दोर घेऊनच गेली, पण या खेपेला उघडा, खांद्यावर, सगळ्यांना दिसेल असा. दगडावर मीठ ठेवलं, चिमूट वर. आणि मग तिनं काय केलं असेल? ती जमिनीवर बसली आणि त्याच दोरानं तिनं स्वतःचे पाय बांधले. कुरणात घोडी बांधायचे जुने खुंट होते, त्यांतल्या पुढच्या खुंटाला एक पाय, मागच्या खुंटाला एक. रायाजी घोडी बांधायचा तसे. गाठ मारली घट्ट. आणि पाठ करून बसली.

राजा फाटकावर ओरडला, "अरे, ही काय करते? घोडीला बांधायचं सोडून स्वतःला बांधते!"

"महाराज, कैरी खा," रायाजी म्हणाला. आणि खरंच, राजा गप्प झाला.

ऊन चढलं. मुंग्या आल्या. पायाला रग लागली. येसूला वाटलं, असं बांधून उभं राहायचं म्हणजे किती अवघड, आणि ही तर शिंगरू होती तेव्हा. त्या दिवशी घोडी आली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाय बांधून बसली. घोडी अर्ध्या कुरणापर्यंत आली. तिसऱ्या दिवशी सकाळचाही धूर आला नाही. तरी ती बसली, दात आवळून बसली. उठून धावावंसं वाटत होतं, म्हणून तर गाठ आणखी घट्ट मारली.

दुपार कलली. मागे गवत खसखसलं. मानेवर ऊन ऊन श्वास आला, मग खांद्यावर, मग पाठीवरून खाली खाली. आणि पायाशी काहीतरी ओढलं गेलं. येसूनं मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं.

घोडी गाठ सोडवत होती. दातांनी. हळू, एखादी म्हातारी बोचकं सोडते तशी. एक पाय सुटला. मग दुसरा. मग तिनं दोर तोंडातून टाकून दिला, फुरफुरली आणि येसूच्या मांडीवर मिठासाठी नाक घासलं.

येसूनं तिच्या मानेवर हात ठेवला. आणि तेव्हा, बरं का, त्या घोडीची आयाळ खाली बसली. पहिल्यांदाच. केस न् केस.

पुढचं भराभर झालं. एकदा ओळख पटली की माल दाखवायला वेळ लागत नाही. येसूनं आधी पाठीवर हात टाकला, मग आपलं अर्धं वजन, पोत्यासारखं आडवं. घोडीनं मान वळवून वास घेतला. चालेल, म्हणाली. मग एका संध्याकाळी येसू वर बसली. लगाम नाही, खोगीर नाही, चाबूक नाही. घोडी कुरणभर फिरली आणि खाली एकही गवताची काडी वाकली नाही.

येसूनं वर बसूनच कड्याकडे पाहिलं. तिन्हीसांज झाली होती. धूर नव्हता.

एकही नव्हता.

ती रडली नाही. "उद्या उजाडताच," म्हणाली आणि खाली उतरली.

उजाडलं तेव्हा सगळं गाव कड्यावर जमलं. बायकांनी भाकऱ्या बांधून आणलेल्या. सुंभाची बारीक, चिवट दोरी आणली, दरीहून लांब. घोडीच्या गळ्यात ती बांधायची नाही, हे ठरलेलंच. येसूनं दोरी आधी घोडीला हुंगवली आणि मग आपल्याच कमरेला बांधली. दुसरं टोक रायाजीच्या हातात दिलं.

"काका, ओढायची नाही. सोडत राहायची."

रायाजीनं आयुष्यभर दोर ओढलेच होते. पण मान हलवली.

येसू बसली. घोडी कड्याशी गेली. खाली पाहिलं. आणि मागे सरली. आयाळ उडू लागली.

"मार चाबूक!" राजा ओरडला.

कुणीतरी रायाजीचा जुना तोबरा पुढे केला. "हा वाजव गं, हा वाजव!" येसूनं तो घेतला आणि दरीत उपडा केला. खडे गेले, गेले, आणि पडल्याचा आवाज आलाच नाही. बायकांनी तोंडाला पदर लावले.

मग येसू खाली उतरली. कड्याच्या अगदी टोकाशी गेली, आणि घोडीकडे पाठ करून बसली. पहिल्या दिवशी बसली होती ना, तशी. पलीकडे बाप आहे, उपाशी आहे, आणि आपण बसायचं! सगळ्यात कठीण तेच होतं. पण तिनं मनाशी म्हटलं, घाई एकदा करून पाहिली. आता नाही.

सगळं गाव गप्प. राजासुद्धा. आणि त्या शांततेत पलीकडून बारीक आवाज आला. टण. टण. हरण्याची घंटा.

वावटळीचे कान पुढे झाले. ती चालत आली आणि येसूच्या खांद्यावर हनुवटी ठेवून सुळक्याकडे बघू लागली. कोण गं तिकडे?

"माझा बाप," येसू म्हणाली. "आणि त्याच्याजवळ बारा बैलांचं मीठ आहे. खोटं नाही सांगत."

घोडीनं गुडघे वाकवले. खुद्द घोडीनं, बरं का! येसू वर बसली, आयाळीत बोटं रुतवली. घोडी दहा पावलं मागे गेली. तिच्या पायांशी धूळ गरगरू लागली, पण ती भीतीची नव्हती. वावटळीची पोर वारा गोळा करत होती.

आणि उडी!

खाली दरी, वर आभाळ, मधे त्या दोघी. रायाजीच्या हातातून दोरी सळसळ सळसळ सुटत होती, तळवे सोलले, तरी त्यानं ओढली नाही. मधे एक क्षण असा आला, की त्या वर आहेत की खाली, कुणाला कळेना. आणि मग खट् खट्, खट् खट्. चार खूर दगडावर.

सटवाजी एका पोत्याला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. तो लेकीकडे बघत राहिला, बघत राहिला, आणि मग म्हणाला, "येसे, मीठ सगळं शाबूत आहे गं. पीठ तेवढं संपलं."

येसू हसली आणि रडली, दोन्ही एकदम. पदरातली भाकरी काढून दिली. एवढ्यात म्हाताऱ्याची नजर घोडीवर गेली.

"अगं, दावं कुठंय? बांध तिला, पळून जाईल!"

"बांधायचं नाही, बाबा."

"मग थांबेल कशाला?"

येसूनं बोट दाखवलं. वावटळीनं पोत्याला तोंडानं भोक पाडलं होतं आणि मीठ चाटत होती. खालचा ओठ लोंबलेला.

मग त्यांनी ती बारीक दोरी सुळक्यावरच्या दगडाला बांधली. तिला जोडून गावानं जाड दोर पाठवला, जाड दोरावरून टोपलीत आणखी भाकऱ्या, मग पिठलं, मग दोन सुतार. तीन दिवसांत झुलता साकव, म्हणजे दोरांचा पूल, झाला. बैलांच्या डोळ्यांवर गोणपाट बांधून एकेक करून आणले. हरण्या सगळ्यांत पुढे. त्याला गोणपाट लागलंच नाही, मोठा शहाणा तो. त्यांच्यामागून सटवाजी आला, आणि वावटळ येसूला घेऊन एका उडीत परत आली. पुढे सुतारांनी सुळक्यापासून पायथ्यापर्यंतही वाट सांधली. आणि बैल आले त्याच संध्याकाळी गावात घरोघरी आमटीला मीठ पडलं.

राजा म्हणाला, "येसू, घोडी तुझी. बोलल्याप्रमाणे."

येसूनं कुरणाचं फाटक बिजागरीतून काढलं आणि बाजूला ठेवलं. "महाराज, माझी आहे ना? मग ती मोकळी."

वावटळ फाटकातून बाहेर पडली. एकदा मागे पाहिलं आणि निघून गेली. रायाजी म्हणाला, "गेली." येसू म्हणाली, "हं." आणि दगडावर मीठ ठेवलं, चिमूट वर.

एक दिवस मीठ तसंच. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी सटवाजी म्हणाला, "येसे, कशाला मीठ वाया घालवतेस?" चौथ्या दिवशी सकाळी ती बाजाराला निघाली, टोपली डोक्यावर. आणि मानेवर ऊन ऊन वारा आला. फू. फू.

तिनं वळून पाहिलं नाही. फक्त तळहात मागे केला.

पुढे येसू त्या घोडीवर बसून सुळक्यावरून समुद्रावर जायची आणि मीठ घेऊन यायची. घोडी मनात आलं तर यायची, नाही आलं तर नाही यायची, आणि बहुतेक यायचीच. रायाजीच्या पागेत तेव्हापासून तोबऱ्यात हरभरेच असायचे, अगदी शिगोशिग. राजा आंबा पिकेपर्यंत थांबायला शिकला. एखादी कैरी खायचा, पण गुपचूप. सटवाजी म्हातारा झाला, खूप म्हातारा, आणि पोटभर जेवून झोपायचा.

आणि डोंगर? तो अजून त्याच कुशीवर आहे. त्याची शंभर वर्षं भरायला वेळ आहे. तुमची कूस बदलायची असेल तर बदला, पण हळू बाळांनो, शेजारच्याची वाट मोडेल. झाकले ना डोळे? हं. आता कानही खाली पडू द्या. आयाळ बसली, घोडी निजली, तुम्हीही निजा.